फ्रीझमधलं चौदावं पान

आमच्या ऑफिसात रिलीजच्या आधी आठ दिवस फ्रीझ असतो. सॉफ्टवेअरला कुणी हात लावायचा नाही, आणि त्याच्या माहितीपुस्तकाकडे तर वाकड्या नजरेनं बघायचंही नाही. रिलीजप्रमुखांना आम्ही पाठीमागे 'कुलूप' म्हणतो. पुस्तक लिहिते मी, पण त्या आठ दिवसांत स्वल्पविराम हलवायलाही परवानगी कुलपाची.

बुधवारी दुपारी चौदावं पान वाचलं आणि चूक दिसली. आमचं सॉफ्टवेअर सलाइनच्या पंपाचं. नव्या आवृत्तीत औषधाचा वेग तासाला किती, असा भरायचा होता. पानावर मात्र जुनंच, मिनिटाला किती. तसा आकडा भरला तर औषध साठपट कमी जाणार. ते पान बदलायचं मीच विसरले होते.

माझी धाकटी जाऊ अतिदक्षता विभागात नर्स आहे. आमचं पुस्तक तिथे कुणी वाचत नाही. चौदावं पान तेवढं छापून पंपाच्या वर भिंतीला चिकटवतात आणि मान वर करून आकडे भरतात.

मी कुलपाकडे गेले.

"रिलीजनंतर पंधरा दिवसांनी बघू," ते म्हणाले.

"तोवर पेशंटनं दम धरायचा का?"

"मॅडम, आज तुम्ही, उद्या आणखी कुणी. नियम सगळ्यांना सारखा."

माझं डोकंच फिरलं. जागेवर आले, पान दुरुस्त केलं आणि बदलांच्या नोंदीत कारण लिहिलं. 'कुणी बदललं' पुढे माझं नाव. 'परवानगी' पुढे लिहिलं: मागितली, दिली नाही.

दहा मिनिटांत कुलूप माझ्या टेबलापाशी हजर.

"मागे घ्या ते. आत्ताच्या आत्ता."

भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण राग जास्त होता. मी उठले आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"तुम्हीच घ्या, साहेब. एकच बटण आहे. फक्त नोंदीत कारण लिहावं लागेल, आणि पुढे तुमचं नाव."

ते बसले. हात माउसवर ठेवून चौदावं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

"नोकरी जाईल तुमची," ते उठत म्हणाले.

"जाऊ दे. पान राहू दे."

बटण न दाबताच ते गेले. रिलीज झाला त्या दिवशी माझ्या हाती नोटीस पडली: नियम मोडल्याबद्दल लेखी खुलासा द्या. मी चौदावं पान छापलं, खाली सही ठोकली आणि कुलपाच्या टेबलावर नेऊन ठेवलं.