ओटी भरून ‘कळवतो’

रविवारी आमच्या घरी नाश्ता होत नसे. पप्पूसाठी मुलगी बघायला निघायचं, म्हणजे नाश्ता मुलीकडचा. तीन वर्षं हा नेम चालला. कुणाकडचे पोहे कोरडे, कुणाच्या चहात साखर जास्त, कुणाची मुलगी उंचीला कमी. जीपमध्ये बसलं की परत येईपर्यंत माझं तोंड चालू.

भूगावची जमीन बिल्डरला गेली, तेव्हा आमच्या मालकांनी, म्हणजे दादासाहेबांनी, दोन मजली बंगला बांधला आणि पप्पूला जेसीबी घेऊन दिला. पप्पू एकुलता एक, वय एकतीस. दिसायला बेताचा, बोलायला त्याहून बेताचा. चहा प्यायलेला कप उचलून मोरीत ठेवायची सवय त्याला नाही, कारण ती मी लावली नाही. असं लेकरू पदरात असून मी मुलींच्या चालण्यात खोट काढत होते.

वैशाखातल्या त्या रविवारी मी जरीची साडी नेसून खाली आले, तर पप्पू बनियनवर सोफ्यात लोळलेला, मोबाईल छातीवर उभा.

“पप्पू, शर्ट घाल. गेणबा भावजी येतील आता.”

“आये, पाच मिंटं. नवा भाग आलाय.”

त्याची धाकटी बहीण शुभांगी लवळ्याच्या कॉलेजात शिकते. ती केस विंचरत म्हणाली, “जपानी कार्टून हाय आये. दुसरा सीझन. पयल्यात जे झालं तेच परत. तरी दादा डोळं फाडून बघतोय.”

गेणबाची वाट बघत मीही टेकले. हिंदीत बोलत होते, त्यामुळं समजत होतं. एक पोरगा. ना रूप, ना गुण. शाळेत जातो, ठेच लागून पडतो, आणि पडतो तो नेमका कुठल्यातरी पोरीच्या अंगावर. त्याच्या घरात सहा पोरी. एक सतत भांडते, एक लाजते, एक शेजारची आहे ती लहानपणापासून रोज त्याच्यासाठी डबा करते. सहाजणींचा जीव ह्याच्यावर. हा कुणाला हो म्हणत नाही, कुणाला नाही म्हणत नाही. लाल होतो, डोकं खाजवतो, आणि भाग संपतो. पुढच्या भागात जत्रा, त्याच्या पुढच्यात समुद्र, पोरी त्याच.

“आन् ह्यात बघायचं काय?” मी म्हटलं.

“बरं वाटतं गं,” पप्पू म्हणाला. “कुनी रुसून कायमचं जात न्हाई. समदे परत येत्यात.”

खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. जेसीबीच्या धुळीतून दमून आलेल्या पोराला आणखी काय हवं? काही करायला नको, काही ठरवायला नको, सहा तोंडं आपल्याकडे वळलेली, आणि कुणाचंच वय वाढत नाही. शर्ट घालून तो जीपमध्ये बसला तेव्हा गालात हसत होता.

कोळवणच्या वरच्या अंगाला, डोंगराला चिकटून एक वाडी आहे. तिथली प्रियंका. तिला बघायची आमची ही दुसरी खेप होती. बाप कान्हू भाताची शेती करतो आणि पुण्याच्या कुणा साहेबाचं फार्महाऊस राखतो. आई गंगू. मुलगी चोवीस वर्षांची, बारावी शिकलेली, रोज जीपनं लवळ्याला जाऊन होस्टेलच्या कँटीनमध्ये काम करायची. पहिल्या खेपेला मी तिला अंगणात चालायला लावलं होतं. पेपर वाचायला लावला होता. वेणी सोडून केस बघितले होते. बैल घेताना तरी आम्ही त्याच्या पाठीवरून हात फिरवतो, तिच्या मी तोही फिरवला नाही.

दुसऱ्या खेपेला आतून गूळपोळी आली, तूप वेगळं. कान्हू ओसरीच्या कडेला उकिडवा बसला होता, स्वतःच्याच घरात. मी म्हटलं, “पोरांना बोलू द्या की जरा.” दोघं मागल्या गोठ्याकडं गेली.

ती तिथं काय बोलली ते मला फार पुढं कळलं. पप्पूनं मोबाईल काढला आणि तिनं पडद्यावरची डबेवाली ओळखली. होस्टेलच्या मुलींनी तिलाही ते कार्टून दाखवलं होतं.

“तुम्ही बघता हे?” ती हसली होती. “मला ही शेजारची आवडती. पर हिचं काय खरं न्हाई बगा. जी आधीपास्नं हाय, तिच्याकडं तो बगतच न्हाई.”

“ह्या दुसऱ्या सीझनात बघंल,” पप्पू म्हणाला.

एवढंच. पण एकतीस वर्षांत पप्पू परक्या मुलीशी तेवढंही बोलला नव्हता. परत आला तो कान लाल करून.

आता माझी करणी सांगते. निघताना मी पिशवीतून नारळ आणि खण काढला आणि प्रियंकाची ओटी भरली. कपाळाला कुंकू लावलं. तिनं वाकून नमस्कार केला. गंगूचे डोळे भरून आले. मग कान्हूनं हात जोडून विचारलं, “मंग आक्का, काय समजायचं आमी?”

मी पदर सावरून म्हटलं, “कळवतो.”

जीप चढावरून खाली लागली तसे गेणबा भावजी मागं वळले. ते आमच्या मालकांचे चुलतभाऊ, सोयरिकी जमवणारे. “वयनी, ओटी भरलीत. मंजी पक्कं?”

“ओटी रीत म्हनून भरली. दोनदा त्यांचं खाल्लं, रिकाम्या हातानं कसं उटायचं? भूगावची मान्सं हावोत आपन.”

“त्यांच्यात ओटी भरली की ठरलं समजत्यात.”

“त्यांच्यात समजू द्या. अजून दोन-चार बघू.”

“मंग न्हाई म्हनून सांगू?”

“न्हाई कशाला म्हनायचं? न्हाई म्हनलं की वाकडं येतं. राहू दे हातात.”

हातात आणखी तीन होत्या. बावधनची एक, पौडची एक, एक तिकडं ताम्हिणीकडची. कुणालाच नाही म्हटलं नव्हतं. बाकी गावोगाव हेच चालतं. मुलीकडचे फोन करतात, मुलाकडचे कळवतो म्हणतात, आणि मुलगी फोनच्या आसपास स्वयंपाक करते. मी पप्पूला विचारलं, “तुला कशी वाटली रं?”

“बरी हाय. तू म्हनशील तसं,” आणि मोबाईलमध्ये डोकं.

त्या घरात पुढं काय झालं ते मी नंतर गेणबा भावजींच्या तोंडून ऐकलंय. नारळ तिनं देव्हाऱ्यात ठेवला, फोडला नाही. पौडच्या अंगाचं एक चांगलं स्थळ आलं, मुलगा एसटीच्या वर्कशॉपला. कान्हूनं दारातूनच हात जोडले, “पोरीची ओटी भरलीया. शब्दात हावोत आमी.” प्रियंकानं कँटीनच्या बायांना पेढे दिले. लावणी झाली, कापणी झाली, दिवाळी झाली. कान्हूनं गेणबाला तीनदा फोन लावला. गेणबा काय सांगणार? कळवतो.

माघात आम्ही त्याच खोऱ्यात आणखी एक मुलगी बघायला गेलो. रस्ता प्रियंकाच्या दारावरून. मी काच वर केली. गेणबा म्हणाले, “वयनी, हितं थांबायला पायजे.” मी म्हटलं, “पुढं चला.” अंगणात कुणीतरी भात पाखडत होतं, सूप हातात धरून ते उभं राहिलं. मी तिकडं बघितलं नाही.

नळावरच्या बायांनी मात्र बघितलं.

“काय गं प्रियंका, भूगावची जीप दारावरनं म्होरं गेली न्हवं?”

“वाट चुकली आसंल बया.”

“दोनदा बगून सोडली, मंजी कायतरी आसंल की. उगं सोडत्यात व्हय?”

नळावरचं बोलणं कान्हूच्या कानावर गेलं. नवव्या दिवशी लेकीला म्हणाला, “तूच कायतरी वंगाळ बोलली आसशील त्या गोठ्यात.”

तिनं पप्पूला मेसेज केला. नंबर तिच्याकडं होता, वापरला नव्हता. लिहिलं, “दुसरा सीझन संपला. तो कुणालाच काही बोलला नाही.”

पप्पूनं लिहिलं, “तिसरा येतोय.” पुढं हसरं तोंड.

तिनं लिहिलं, “तोवर त्या काय करतात?”

पप्पूनं मोबाईल खिशात घातला.

गुरुवारी दुपारी मी मेथी निवडत होते. गेणबा भावजी आले ते चपला घालूनच आत आले. उभ्यानंच म्हणाले, “कान्हूची पोरगी गेली. फार्महाऊसच्या हिरीत. सकाळी बापाचा डबा घिऊन गेलती.”

माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? आई गं नाही, अरेरे नाही. मी म्हटलं, “आपलं काय त्यात? आपन न्हाई थोडंच म्हनलं हुतं?”

शुभांगीनं हातातलं पुस्तक खाली ठेवलं. “त्येच्यामुळंच आये. न्हाई म्हनली असतीस तर ती आज त्या एसटीवाल्याच्या घरी चपात्या लाटत असती.”

“तोंड सांभाळ!”

“तुझ्या नारळापायी तिच्या बापानं दारातलं स्थळ घालवलं. आमच्या कँटीनमध्ये वाढायची ती. मला बघितलं की लाजायची. ताटात एक भजं जास्त घालायची. नणंद समजत हुती मला.”

आमचे मालक पेपर तोंडासमोर धरून बसले होते. पप्पूनं मोबाईल माझ्यापुढं ठेवला. मी अक्षरं लावत लावत वाचलं. त्या हसऱ्या तोंडापाशी थांबले. पप्पू रडत होता. म्हणाला, “मला वाटलं, ती बी नुसती कार्टूनचंच बोलतीय.”

मग तो तिसरा सीझन आला. पप्पूनं लावला नाही, मी शुभांगीच्या मोबाईलवर लावायला सांगितला आणि पूर्ण बघितला. तोच पोरगा, त्याच सहाजणी, तीच जत्रा. डबेवाली अजून डबा करतेय. आता मला त्यात एक गोष्ट दिसली, आधी कशी दिसली नाही देव जाणे. त्या सहाजणींच्या आया कुठंच दाखवलेल्या नाहीत. बाप नाहीत. नळ नाही, नळावरच्या बाया नाहीत. म्हणून तर बघायला बरं वाटतं. मीही तीन वर्षं तसंच बघत होते, फक्त जीपमधून.

दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन बसले. बावधनला, पौडला, ताम्हिणीकडं, आणि माघात बघितली तिच्याकडंही. स्वतःच्या तोंडानं सांगितलं, “आमचं न्हाई. तुमच्या पोरीत कसलीच खोट न्हाई, आमच्यात हाय. तिला दुसरीकडं द्या.” एकानं शिव्या दिल्या. एकीनं फोन ठेवला. ताम्हिणीकडच्या मुलीची आई म्हणाली, “बरं झालं बाई सांगितलंत.” चौथ्या घरी फोन मुलीनंच उचलला. मी बोलायच्या आत म्हणाली, “आईला देऊ का?”

तेराव्यानंतर मी आणि पप्पू एसटीनं वाडीला गेलो. जीप नेली नाही. गंगू चुलीपाशी होती. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. कान्हू उठून शेताकडं गेला. पप्पू जमिनीवर बसला, मी त्याच्या शेजारी. पाठ करून आणलेलं सगळं विसरले. एवढंच आलं तोंडातून, “गंगूबाई, आमचं न्हाई हुतं वो. वैशाखातच न्हाई हुतं. मी सांगितलं न्हाई.”

गंगूनं फुंकणी खाली ठेवली.

“दहा म्हयनं मोबाईल उशाला घिऊन निजायची,” ती म्हणाली. “आज कळवलंत व्हय.”

मग उठून देव्हाऱ्यातून नारळ आणला आणि माझ्या ओटीत टाकला. घातला नाही, टाकला.

तो नारळ आता आमच्या देव्हाऱ्यात आहे. पप्पूसाठी मुलगी बघायला आम्ही जात नाही. तो स्वतःचा कप धुतो, डबा स्वतः भरतो. त्याचं लग्न होईल की नाही, मला ठाऊक नाही. शुभांगीला बघायला माणसं येऊ म्हणतात. मी आधी त्या मुलाच्या आईला एकटीला बोलावते. पोहे नाहीत, चहा नाही. तो नारळ तिच्या हातात देते आणि म्हणते, कानाशी धरून हलवा.

पाणी कधीच आटलंय. आत नुसता गोटा खडखडतो.