जातेच आहेस तर

लॅबमध्ये तिला सगळे बत्तिशीबाई म्हणायचे, आणि तिचीही त्याला हरकत नव्हती. लॅब म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत प्लास्टरचा धुरळा, दुसरीत मेणाचा वास. दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचे ठसे इथे पाठवायचे आणि इथून कवळ्या तयार होऊन जायच्या. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचं काम तिचं. शहरातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या दातांनी हसतात, असं ती कधीकधी फुशारकीनं म्हणायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

काम मात्र बैठं. सकाळी स्टुलावर बसली की मान खाली आणि पाय दांडीवर. उठायचं तर मेण थंड होतं, म्हणून पाणीसुद्धा बसल्याजागी. घरी धावपळ होती, नाही कशाला म्हणा, पण ती सगळी ओट्यापासून फ्रिजपर्यंत आणि फ्रिजपासून सासूबाईंच्या खोलीपर्यंत. तिला कुणी "थोडं चालत जा गं" म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. चालायचं कधी? झोपेत?

तिला रक्तातली साखर होती, गोळ्या चालू होत्या. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाल्या, "पायाला दोरा लावते. लागला की सांगा."

ती वाट बघत राहिली. मग म्हणाली, "लावा की."

"लावलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

उजव्या पायाच्या दोन बोटांना काही कळत नव्हतं. ती खाटेवर उठून बसली आणि आपल्याच बोटांकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघत राहिली. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. पायाला जखम झालेली आईला कळली नव्हती आणि कळली तेव्हा बघायला वेळ नव्हता. पाय गुडघ्याखाली कापला. पुढची दोन वर्षं आई पलंगावर बसून दाराकडे बघायची. आता तीही नव्हती.

"रोज चाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हात हलवत, सलग, न थांबता. गोळ्यांच्या जोडीला हे हवंच. पायाला नीट बूट घाला आणि रोज रात्री तळवे बघा."

घरी तिनं यातलं अक्षर काढलं नाही. सांगितलं असतं तर घरादारानं सल्ल्यांचा पाऊस पाडला असता, आणि तो झेलत बसायलाही वेळ लागतो. तिनं बूट घेतले आणि संध्याकाळची बस सोडली. बसची वाट बघण्यात आणि बसमध्ये मिळून तसाही अर्धा तास जायचा. चालत पाऊण तासात घर यायचं. म्हणजे जास्तीची गेली ती पंधरा मिनिटं, आणि तेवढ्यासाठी ती कुणाच्या पाया पडणार नव्हती.

पहिला आठवडा सुखाचा गेला. दिवसभर वाकलेली मान सरळ व्हायची. चढ लागला की श्वास फुलायचा आणि आपल्याला श्वास आहे हे तिला नव्यानं समजायचं. त्या पाऊण तासात ती कुणाची सून नव्हती, बायको नव्हती, आई नव्हती. खरं सांगायचं तर चालण्यापेक्षा तिला हेच जास्त आवडलं.

मग घराला तिच्या चालण्याचा पत्ता लागला.

सुरुवात सासूबाईंनी केली. "जातेच आहेस तर येताना माझ्या गुडघ्याच्या गोळ्या आण. दुकान तुझ्या वाटेवरच आहे." वाटेवर नव्हतं, एक गल्ली आत होतं. नवरा म्हणाला, "चालतच येतेस ना? मग इस्त्रीचे कपडे तूच आणत जा." लेकीचे झेरॉक्स आले. शेजारणीची दुरुस्तीला टाकलेली छत्री आली, आणि शेजारीण तर तिच्याशी एरवी धड बोलतही नव्हती. माणूस आपल्या पायांनी रस्त्यावर दिसला की तो लोकांना रिकामा टेम्पो वाटतो की काय, देव जाणे.

आणि ती प्रत्येकाला हो म्हणत गेली. हो म्हणायचा तिला इतक्या वर्षांचा सराव होता की समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तिची मान हललेली असायची. नंतर वाटेत ती स्वतःवरच दात-ओठ खायची.

शेवटी मालकांनी हात धुऊन घेतले. तयार कवळ्यांच्या डब्या दवाखान्यांत पोचवायला एक माणूस होता, सायकलवर फिरायचा. एके संध्याकाळी मालक दोन डब्या घेऊन तिच्या टेबलाशी आले. "बाई, तुम्ही त्याच बाजूला जाता. जाताच आहात तर एवढ्या देऊन टाका." दुसऱ्या दिवशी तीन डब्या आल्या. महिनाअखेरीला सायकलवाला दिसेनासा झाला.

आता तिची संध्याकाळ ऐका. दवाखान्यात डबी द्यायची, तर बाहेर खुर्चीवर बसून रहा, डॉक्टर पेशंटच्या तोंडात आहेत. औषधाच्या दुकानात रांग. इस्त्रीवाला म्हणणार, "दोन मिनिटं ताई, शेवटचा शर्ट." दोन्ही हातांत पिशव्या, काखेत छत्री, त्यामुळे हात हलवण्याचा प्रश्नच मिटला. ती आता चालत नव्हती. ती ठिकठिकाणी थांबत होती आणि एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर जात होती. घरी पोचायला दीड तास लागायचा, आणि वर नवरा म्हणायचा, "एवढं चालून तुझी तब्येत काही सुधारलेली दिसत नाही हं."

रात्री ती तळवे बघायची. बोटं तशीच होती, आणि तिला मनातून भीती वाटायची. ती भीती तिनं कुणाला दाखवली नाही.

मग तो घोळ झाला.

दोन डब्या होत्या. एक चौकातल्या दवाखान्याची, एक पुलापलीकडच्या दवाखान्याची. दोन्हींवर चिठ्ठ्या होत्या, पण एका हातात कपड्यांचं गाठोडं, दुसऱ्यात औषधांची पिशवी, आणि डब्या हनुवटीखाली दाबलेल्या. चौकात तिनं वरची डबी दिली, पुलापलीकडे खालची. द्यायची होती उलट. जी कवळी तिनं स्वतः दात दात करून बसवली होती, जी तिनं डोळे मिटून नुसत्या बोटांनी ओळखली असती, ती तिनं परक्या तोंडाच्या पत्त्यावर पोचवली.

तरीही निभावलं असतं. पण चौकातले डॉक्टर घाईचे. कवळी बसेना म्हणून त्यांनी घासली. तरी बसेना म्हणून आणखी घासली. पेशंट बिचारे सोशिक, "टोचतंय, पण होईल सवय," म्हणत दुसऱ्याचे दात तोंडात घेऊन घरी गेले. पुलापलीकडच्या गृहस्थांचा दुसऱ्या दिवशी ऑफिसातला निरोप-समारंभ होता. त्यांच्या डबीतली कवळी तोंडात शिरेचना. तीस वर्षांच्या नोकरीचं भाषण त्यांनी बोळक्या तोंडानं केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे, पण काय बोलले ते कुणालाच कळलं नाही.

शनिवारी सकाळी मालक तिच्यासमोर उभे राहिले. दोन्ही कवळ्या टेबलावर ठेवल्या. एक घासून घासून कातरलेली, दुसरी कोरी करकरीत.

"बाई, हे तुमच्या चालण्याचं फळ," मालक म्हणाले. "डोकं ठिकाणावर राहत नाही तुमचं. सोमवारपासून चालणं बंद. बसनं यायचं, बसनं जायचं. डब्या बसमधून न्या."

आत प्लास्टर घोटणारे हात थांबले. बत्तिशीबाईनं मेणाची सुरी खाली ठेवली. चूक तिची होती, ते तिला नाकारायचं नव्हतं. पण बोलणं ऐकता ऐकता तिच्या आत काहीतरी सरळ झालं, संध्याकाळी मान व्हायची तसं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "घासलेली कवळी मी आजच नव्यानं करायला घेते. दोघांना फोन करून माफी मागते. पण चूक चालण्यानं झाली नाही, मालक. ओझ्यानं झाली. यापुढे मी एक डबी नेणार नाही."

"मग कोण नेणार?"

"नेत होता तो."

"त्याला मी काढला! तुम्ही नेता म्हणूनच काढला ना."

"मला विचारलं होतंत?"

मालकांची दातखीळ बसली. लॅबमध्ये हे पहिल्यांदाच घडत होतं. मग ते सावरले. "दुसरी बाई बघीन मी," म्हणाले.

"बघा," ती म्हणाली. "मिळेपर्यंत दात मी बसवते. सहाला निघते, आणि मोकळ्या हातांनी निघते."

दुपारी आतल्या खोलीतला प्लास्टरवाला येऊन म्हणाला, "तो सायकलवाला परत यायला तयार आहे. मालकांनीच मला विचारायला सांगितलं." आणि त्यानं स्वतःची सगळी बत्तिशी दाखवली.

त्या संध्याकाळी ती सरळ घरी आली. वाटेत कुठल्या दुकानाकडे मान वळवली नाही. दार उघडलं तेव्हा तिघांच्याही नजरा आधी तिच्या हातांकडे गेल्या.

"गोळ्या?" सासूबाईंनी विचारलं.

"आणल्या नाहीत."

"कपडे?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही."

"बरं नाही का तुला?" त्यानं जवळ येऊन विचारलं, आणि त्याच्या आवाजात खरी काळजी होती, हे सांगायला हवं. "दमतेस तू. सोड आता ते चालणं. मी सोमवारपासून तुला गाडीवर घ्यायला येतो."

तेव्हा तिनं बूट काढला, मोजा काढला आणि उजवा पाय खुर्चीवर ठेवला. "ही दोन बोटं बघा," ती म्हणाली. "यांना काही कळत नाही. माझ्या आईचं इथूनच सुरू झालं होतं. ती जन्मभर सगळ्यांसाठी धावली आणि स्वतःसाठी दारापर्यंतसुद्धा गेली नाही. मला पाय गमवायचा नाही. मला भीती वाटते. म्हणून मी चालते. भाजी, कपडे, गोळ्या, छत्र्या आणण्यासाठी नाही."

लेक येऊन तिला बिलगली. सासूबाई खाली बघत राहिल्या. नवऱ्याचा चेहरा पडला, आणि मग, उपाय सापडल्यावर पुरुषांचा होतो तसा, उजळला.

"अगं, मग आधी नाही का सांगायचं! आपण चालायचं मशीन घेऊ. हॉलमध्ये ठेवू, स्वयंपाकघराच्या दाराशी. म्हणजे चालता चालता गॅसवरही लक्ष राहील."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो मनापासून बोलत होता, आणि तेच जास्त अवघड होतं. "नको," ती म्हणाली. "मला रस्ता हवाय."

रविवारी लॅब बंद. संध्याकाळी ती बूट घालायला बसली. खरं तर रविवारी सगळे घरी, कामं दुप्पट; आज राहू दे, असं एकदा मनात आलं होतं. म्हणूनच ती मुद्दाम उठली. पर्ससुद्धा घेतली नाही. दाराशी पोचते तोच मागून हाक आली.

"थांब गं जरा."

सासूबाई होत्या. तिनं दात घट्ट आवळले आणि नाही म्हणायची तयारी केली. पण सासूबाईंच्या हातात ना पिशवी होती ना औषधाची चिठ्ठी. त्यांनी केस नीट विंचरले होते आणि चांगली चप्पल घातली होती.

"मी येते तुझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "मी तरी कुठे गेले इतक्या वर्षांत? दवाखाना सोडून?"

नाही म्हणायला इतकं अवघड तिला मालकांसमोरही गेलं नव्हतं. सासूबाई गुडघ्यांमुळे हळू चालायच्या, दर खांबाशी थांबायच्या. एक दिवस नेलं की रोज न्यावं लागलं असतं. पुन्हा थांबणं, पुन्हा कुणाच्या तरी वेगानं जाणं, आणि तो पाऊण तास पुन्हा सून होऊन राहणं. आणि मग तिनं ते म्हटलंच.

"नाही, आई. दर रविवारी सकाळी मी तुम्हाला तुमच्या वेगानं फिरवून आणीन. पण हे माझं एकटीचं आहे. यात कुणी नको."

सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. क्षणभर वाटलं, आता त्या आत जाणार आणि आठवडाभर अबोला धरणार. नवराही आतून धावत आला, भांडण मिटवायचं म्हणून. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि भिंतीचा आधार घेत पायरी उतरल्या.

"मला काय कुणी हाताला धरायला लागतं?" त्या म्हणाल्या. "तू कुठल्या बाजूला जातेस?"

"डावीकडे."

"मग मी उजवीकडे जाते. माझं पण एकटीचं."

आणि खरोखरच त्या फाटकातून उजवीकडे वळल्या. पहिल्या खांबाशी थांबल्या, दम घेतला आणि मागे वळून न बघता पुढे निघाल्या. बत्तिशीबाई बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि ती डावीकडे निघाली.

"अगं, पण घरात स्वयंपाकाचं कोण बघणार?" नवरा दारातून ओरडला. तो एकदा डावीकडे बघत होता, एकदा उजवीकडे.

उजवीकडच्या रस्त्यावरून म्हाताऱ्या आवाजात उत्तर आलं.

"घरात तू आहेस ना!"