विडा, मिशी आणि शालिग्रामची मुंज

मी अडकित्ता बोलतोय. माझं अर्धं अंग म्हणजे तोंडच आहे, तेव्हा बोलण्याचा अधिकार मला आहे. माणसांना एवढंसं तोंड असतं आणि तेही ती धड वापरत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो.

माझा जन्म धारेचा. गावाचं नावच धार, तेव्हा बोथट निघायची सोय नव्हती. मला घडवणारा लोहार दिवसभर भात्याला शिव्या घालायचा. माझ्या स्वभावात जे काही आहे ते तिथलं. पुढे पार्वतीबाईंच्या लग्नात मला रुखवतात मांडलं आणि मी देवासला त्यांच्या यजमानांच्या, बळवंतरावांच्या, हाती पडलो.

देवास मला पाहताच आवडलं. गाव एक आणि गाद्या दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. बळवंतराव त्यांतल्या एका पातीच्या कचेरीत होते. कोणत्या ते सांगत नाही, दुसरीला राग येईल. दिवसाला सोळा विडे, आणि पाहुणा आला तर सतरावा. डाव्या गालात विडा आणि ओठांवर मिशी. मिशी अशी की वाटीतलं अर्धं दूध तीच प्यायची. बळवंतरावांचा शब्द त्या मिशीतून गाळून बाहेर पडे. लोक अंदाजाने माना डोलवत.

त्यांना एकच मुलगा, शालिग्राम. चौथ्या वर्षी त्याला गोवर निघाला, कान वाहिले, आणि मग पोर बदललं. हाकेला ओ देईना. बोलणं दिवसेंदिवस पुसट होत गेलं. शाळेत घातलं तर पंतोजींनी परत पाठवलं. "नाव शालिग्राम आणि आहेही तसाच. देवघरात ठेवा," म्हणाले.

आठवं वर्ष लागलं आणि मुंजीचा विषय निघाला. चिंतामणी भटजींनी पंचांग मिटलं.

"मंत्र बापाने कानात सांगायचा आणि बटूने तो म्हणायचा. हा काय म्हणणार? जडाची मुंज करून मिळवायचं काय?"

बळवंतरावांनी ठरवून टाकलं. मुंज नाही, तर पोराला कन्नौदला चुलत्यांच्या गोठ्यावर ठेवायचं. गुरांशी बोलावं लागत नाही. पार्वतीबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी नीलकंठ मास्तरांना बोलावणं धाडलं.

हे मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. ज्या घरात मूल शिकत नाही त्या घरी जायचं, आईबापांना चार गोष्टी सांगायच्या, हाच त्यांचा उद्योग. लोक मागून त्यांना मुक्यांचा वकील म्हणत. मास्तर ओसरीवर बसले, तसं बळवंतरावांनी तबक पुढे सरकवलं आणि मला उचललं.

"घ्या, मास्तर."

"नको. मला बोलायचं आहे."

असा अपमान माझा कोणी केला नव्हता.

"मुलाला ऐकू येत नाही," मास्तर म्हणाले.

"छे! आमच्या शिपायाचं सगळं ऐकतो. फत्तेसिंग, दाखव यांना."

फत्तेसिंग अंगणाच्या पलीकडे उभा होता. दसऱ्याच्या दारूकामात त्याची मिशी जळाली होती. ती पुन्हा धड उगवलीच नाही, आणि सगळी आळी त्याला त्यावरून हसायची. तो म्हणाला, "छोटे सरकार, लोटो लई आव." शालिग्राम धावत जाऊन तांब्या घेऊन आला.

"बघितलंत? शिपायाचं ऐकतो, बापाचं नाही. बहिरा कसला, माजोरडा आहे. म्हणून तर देतो चार रट्टे."

"फत्तेसिंग," मास्तर म्हणाले, "आता तांब्या परत ठेवायला सांग. पण आवाज काढायचा नाही. नुसतं तोंड हलव."

"बिना आवाज के? यो कई खेल हे, भिया?" असं पुटपुटत त्याने ओठ हलवले. शालिग्रामने तांब्या उचलला आणि जागेवर नेऊन ठेवला.

बळवंतरावांच्या हातात मीही आ वासून राहिलो.

"तो ऐकत नाही, बळवंतराव. ओठ वाचतो. या घरात वाचता येईल असं तोंड एकच आहे, आणि ते शिपायाचं. तुमच्या तोंडात विडा, वर हे कुंपण. ओसरीवर पुरुषमाणसं असली की वहिनी तोंडाला पदर लावून बोलतात. पोरानं वाचायचं कुठे?"

"मग मी करू तरी काय?"

"विडा सोडा. मिशी उतरवा. उजेडात त्याच्यासमोर बसा आणि सावकाश बोला."

"मिशी उतरवू? मास्तर, वडील धारेला जिवंत आहेत माझे! लोक विचारतील, कोण गेलं?"

"सांगा, कोणी गेलं नाही. तसं सांगता येतं हे थोडं नाही. माझा मुलगा विनूही असाच बहिरा. दोन वर्षं हट्टी समजून मारलं मी त्याला. कळलं तेव्हा प्लेगचं साल लागलं होतं."

एवढंच बोलून त्यांनी उपरणं सारखं केलं. त्या दिवशी एक सुपारी माझ्या तोंडात तशीच अडकून राहिली. बळवंतरावांनी ती कातरली नाही.

दुसऱ्या सकाळी न्हावी आला आणि मिशी गेली. दुपारपासून माणसं समाचाराला यायला लागली. "वडील ठणठणीत आहेत हो," बळवंतराव प्रत्येकाला सांगत. लोक बाहेर पडताना एकमेकांना म्हणत, "धक्का बसलाय बिचाऱ्याला."

पार्वतीबाईंनी भटजींकडून एक संधी मागून घेतली. मुलाने मांडवात मंत्र म्हटला तर मुंज, नाहीतर तिथूनच कन्नौद. मंत्र तर आधी सांगायचा नाही. म्हणून बापलेक रोज सकाळी उन्हात समोरासमोर बसून सराव करायचे तो भाजीपाल्याचा. भोपळा, पडवळ, घोसाळं. दफ्तरं सांभाळणारा माणूस पोरापुढे तोंड वेडंवाकडं करून 'घोसाळं' म्हणतोय! मधूनच त्यांचा हात तबकाकडे येई. मी तोंड उघडून तयार. पण पोराचे डोळे बापाच्या ओठांवर खिळलेले दिसत आणि हात मागे फिरे. त्या पोराचा मी फार द्वेष केला. खोटं कशाला बोलू?

मुंजीला धारेहून आजोबा आले. टांग्यातून उतरताना त्यांना पाहून आळीतल्या उमाबाईंनी रामनाम सुरू केलं. आजोबांनी बळवंतरावांच्या बोडक्या ओठांकडे पाहिलं आणि "मी गेल्याचं मला कळवायचं तरी!" एवढंच म्हणून आत गेले.

कन्नौदच्या चुलत्यांची बैलगाडी दाराशी उभी होती. मांडवात मी पाहुण्यांच्या तबकात पडून होतो. मंत्राची वेळ झाली तशी भटजींनी बापलेकांवर पांघरायला जाड शाल पुढे केली.

"शाल नको," बळवंतराव म्हणाले. "आत अंधार होतो. त्याला माझं तोंड दिसलं पाहिजे."

पार्वतीबाईंनी माहेश्वरी उपरणं काढून दिलं, इतकं तलम की ऊन आरपार जावं. त्याच्या आत दोन सावल्या जवळ सरकल्या. आधी बापाचा आवाज आला, हलका. मग काहीच नाही. पार्वतीबाई बैलगाडीकडे पाहत नव्हत्या, म्हणजे त्यांना तेवढंच दिसत होतं.

मग पोराचा आवाज आला. जाड, घोगरा, प्रत्येक अक्षर गालात अडकून बाहेर पडणारा. पण शेवटच्या अक्षरापर्यंत.

"उच्चार शुद्ध नाहीत," भटजी म्हणाले. "तोंडात विडा धरून म्हटल्यासारखे आहेत."

उपरणं बाजूला झालं. बळवंतरावांचे डोळे वाहत होते. मिशी नसल्यामुळे लपवायला जागा नव्हती.

"माझेही इतकी वर्षं तसेच होते, भटजीबुवा," ते म्हणाले. "माझी मुंज कोणी मोडली नाही."

भटजींनी पुढचा भिक्षावळीचा विधी सुरू केला. गाडी रिकामीच कन्नौदला गेली.

आता मी कोनाड्यात असतो. खिळा गंजलाय. अधूनमधून शालिग्राम मला हातात घेतो, उघडझाप करतो, आणि मला ऐकू येणारी माझी करकर त्याला ऐकू येत नाही. तो माझ्या तोंडाकडे मात्र नीट बघतो. मी काही सांगतोय की काय, म्हणून.

तुमच्याही घरी माझा कोणी भाऊबंद असेल. त्याला माझा नमस्कार सांगा. आणि त्याला हातात घेण्याआधी, घरातलं कोणी तुमच्या तोंडाकडे बघत बसलेलं नाही ना, तेवढं पाहा.