रंग शाबूत आहे

तो सज्जा तुम्ही कुजवलात, साहेब. पावसानं नाही, बुरशीनंही नाही. बुरशी बिचारी वाढलेलं खाते. ताट तुम्ही वाढलंत.

तुमच्या खात्याच्या चाळीत माझ्या वहिनीची माडीवरची खोली; तिथं जायला वाट एकच, बाहेरच्या लाकडी सज्ज्यावरून. त्याची तुळई खांबात बसते तिथल्या सांध्यात पाणी जायचं, पण उन्हात वाळायचंही. मग कुणी बडे पाहुणे येणार म्हणून तुमच्या खात्यानं ओल्या लाकडावरच ऑइलपेंट फासला, सांध्यात लांबीचा लगदा भरला. आतली ओल आतच कोंडली. पाहुणे रस्ता बदलून दुसरीकडूनच गेले. बुरशी मात्र मुक्कामाला राहिली.

कुबट वास सुटला तशी वहिनीनं तक्रार केली. तुमचा ओव्हरसियर आला आणि खालूनच मान वर करून बघत राहिला.

"रंग तर शाबूत आहे, बाई."

"मी काय रंगावर उभी राहते? या की वर, चहा टाकते."

"नको, घाईत आहे."

वहिनीनं शिवणाची कात्री सांध्यात खुपसली. मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तर पात्यांना तपकिरी चुरा.

"भावोजी, बघा हो, तुळईचा तंबाखू झालाय! मळायचाच बाकी आहे."

ओव्हरसियर खवळला. कशावर? "सरकारी रंगाला भोक पाडलंत तुम्ही!"

दुसऱ्या दिवशी रंगारी आला. शिडीवरूनच भोक बुजवलं, वर दोन हात मारले.

"अहो, सज्ज्यावर उभं राहून मारा की नीट," मी म्हटलं.

"मला पोरंबाळं आहेत, दादा."

त्याच आठवड्यात तुळई खांबातून निसटून वीतभर खचली. वहिनी घरातच होती. शेजाऱ्याची शिडी खिडकीला लावून तिला उतरवली. शिलाई मशीन वरच राहिलं, म्हणजे तिचं पोटही वरच राहिलं. ती आता आमच्या स्वयंपाकघरात झोपते आणि दुसऱ्याच्या कात्रीनं दुसऱ्याचं कापड कापते.

आणि तुमचा निरोप काय आला? सज्जा वापरण्याजोगा आहे, बाईंनी खोली आपखुशीनं सोडली, सबब खोली दुसऱ्याला देण्यात येईल.

आपखुशीनं! साहेब, तुळई खचली ती कुणाच्या खुशीनं? तिनं आपल्या घरात पाऊल टाकायचं ते कुठून? मला उत्तर पाहिजे. कागदावर नको. त्या सज्ज्यावर उभे राहा आणि द्या.