कोबीचे अकरा कोट

आमच्या बाबांनी कोबीला कोट शिवले. थट्टा नाही. अकरा रोपं, अकरा कोट, प्रत्येकाला दोन बटणं! चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस, दुकान बंद केलं तरी हात कुठे स्वस्थ बसतात?

हा कोबी गड्डा धरत नाही, त्याला नुसती पानंच येतात. गेल्या हिवाळ्यात आई गेली, तिने जपून ठेवलेल्या बियांची पुडी मागे राहिली. तेच बी मी परसात लावलं. तिच्या हातची पानं गर्द जांभळी व्हायची, यंदाची मात्र हिरवीच. कडाक्याची थंडी लागल्याशिवाय हा कोबी ना रंग धरतो, ना गोडी. थंडीचे जेमतेम तीन आठवडे उरले होते. पुडीत आता एक दाणाही नव्हता.

बाबा संध्याकाळी कोट घालायचे, मी मागोमाग जाऊन काढायचे, जेवण झालं की ते पुन्हा घालायचे. मी कोट लपवले, तर त्यांनी माझाच जुना स्वेटर कापून नवे बेतले. डोकं फिरायची वेळ आली.

"बाबा, शंभरदा सांगितलं! त्याला थंडी लागतेच!"

"कोण म्हणतं?"

"आईच म्हणायची!"

बाबा सुईत दोरा ओवत होते. तो काही ओवला जाईना.

"ती स्वतःबद्दलही असंच म्हणायची," ते म्हणाले. "मला नाही वाजत थंडी. शाल खुंटीवरच राहायची. मीही म्हटलं, राहू दे. मग न्यूमोनिया झाला. मी उठून तिच्या अंगावर घालायला हवी होती गं."

मला आधी रागच आला, वर्षभर हे पोटात ठेवलं म्हणून. मग माझीच लाज वाटली. मी दोरा ओवून दिला.

त्या संध्याकाळी मी दहा कोट काढले. अकराव्याचं वरचं बटण सुटलं होतं, ते लावलं.

"हे एक तुमचं. बाकीच्यांना हात लावाल तर बघा!"

पंधरा दिवसांत दहा रोपं जांभळी झाली. बाबा त्यांच्याकडे बघून "हट्टी मेली" म्हणतात आणि अकराव्याची बटणं लावतात. ते हिरवंच आहे. त्याचं एकही पान आम्ही खुडलेलं नाही.