आधी आमची कापडं द्या

जयनगरच्या बाजारात कृष्णात शिंप्याचं दुकान होतं. माणूस निपाणीकडचा. घरात मराठी, गिऱ्हाइकांशी कन्नड, दोन्ही सारख्याच सफाईनं बोलायचा. पण बेळगावच्या वादानं हवा तापली, तसे बाजारातले काहीजण त्याचं नाव टाकून त्याला नुसतं ‘मराठा’ म्हणू लागले.

एका दुपारी चौकातल्या मराठी मिठाईवाल्याचं दुकान पेटवल्याची बातमी आली आणि पाठोपाठ आरडाओरडाही. कृष्णातनं घाईघाईनं दार ओढून कडी घातली. मागच्या खोलीत त्याची बायको शालन होती, दिवस भरत आलेले. पळून जायला मागं दार नव्हतं.

“आपण आधीच गावी जायला हवं होतं,” शालन पुटपुटली.

दारावर लाथा बसू लागल्या होत्या. फटीतून कृष्णातला दगड दिसले, घासलेटचा डबा दिसला. डबा धरणारा सुधींद्र मागच्याच गल्लीतला. दसऱ्याला त्याचा सदरा कृष्णातनंच शिवला होता.

इतक्यात समोर बसून फुलं विकणारी गंगव्वा टोपली टाकून धावत आली आणि पायरीवर फतकल मारून बसली.

“स्वल्प थांबा रे!” ती कन्नडमध्ये ओरडली. “माझ्या भाचीच्या लग्नाची चोळी आत आहे. आधी ती काढून द्या, मग काय जाळायचं ते जाळा!”

कृष्णात चक्रावला. गंगव्वानं त्याच्याकडे कधी चिंधीसुद्धा शिवायला टाकली नव्हती.

“बाजूला हो, अक्का,” सुधींद्र म्हणाला.

“होते की! पण तुझ्या आईची पोलकीही आतच आहेत. घरी काय सांगशील?”

वरच्या गच्चीतून शेजारीण प्रेमा ओरडली, “माझं रेशमी कापड आहे हो तिथं!” बघता बघता गल्लीतल्या बायका खाली उतरल्या. गंगव्वानं दार ठोठावलं. “अण्णा, उघड. मी आहे.”

कृष्णातनं कडीवर हात ठेवला. मग त्यानं शालनकडे पाहिलं. तिनं होकारार्थी मान हलवली. त्यानं कडी काढली.

गंगव्वा दारात आडवी उभी राहिली आणि फक्त बायकांनाच आत सोडू लागली. बायका कापडं उलटीपालटी करत होत्या, हे माझं नव्हे म्हणून परत ठेवत होत्या, वाद घालत होत्या. कुणालाच घाई नव्हती. बाहेर पुरुष उन्हात ताटकळले. कुणी विडी पेटवली, कुणी जेवायला निघून गेलं. तेवढ्यात सुधींद्रची आई आली. तिनं त्याच्या हातातला डबा हिसकावला.

“घरात स्टोव्ह पेटवायला थेंब नाही, आणि तू इथं ओतायला निघालास?”

कुणीतरी हसलं. सुधींद्रचा चेहरा पडला. एक दगड सुटला, दुकानाची पाटी फुटली, पण दुसरा कुणी उचलला नाही. पोलिसांची लॉरी आली तेव्हा पांगवायला फारसं कुणी उरलंच नव्हतं.

कृष्णात गंगव्वाच्या पाया पडायला वाकला, तर ती मागं सरली. “पुरे. माझी फुलं तुडवलीत मेल्यांनी, ती गोळा करायला चल.”

दोघं रस्त्यात बसून फुलं वेचू लागली. आतून शालननं हाक मारली, “अहो, भूक लागलीय मला!” कृष्णातला एकदम हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. त्यानं गंगव्वालाही हाताला धरून जेवायला आत नेलं.