पिस्तूल आजच्यापुरतं दे

बायको जोलीन आजही गॅरेटच्या गाडीतून घरी आली आणि हार्लन प्रुइटच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जोलीन ज्या दुकानात कामाला होती, तिथला गॅरेट हा नवा मॅनेजर. हार्लनचा कारखाना बंद पडला होता, गॅरेटला मात्र बढती मिळाली होती. त्याचं मोकळं हसणं, त्याचे इस्त्रीचे शर्ट, सगळंच हार्लनच्या डोळ्यांत सलायचं.

"मी न्यायला येतो म्हटलं होतं ना?"

"तुला कशाला उगीच त्रास," नजर चुकवत जोलीन म्हणाली.

त्रास! हा शब्द त्याच्या मनात ठुसठुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं आपली पिकअप दुकानासमोर उभी केली. डॅशबोर्डच्या खणात पिस्तूल होतं. शेजारी चोरी झाली तेव्हा, जोलीनच्या रक्षणासाठी म्हणून घेतलेलं. अमेरिकेतल्या या मिसूरी राज्यात परवाना कोण विचारतो, चार दिवस थांब कोण म्हणतो? तो बंदुकांच्या दुकानात गेला होता आणि कॉफी निवायच्या आत ते घेऊन बाहेर आला होता.

काचेपलीकडे जोलीन गॅरेटच्या कुठल्याशा बोलण्यावर खळखळून हसली. घरी ती अशी कितीतरी महिन्यांत हसली नव्हती! हार्लनचा हात खणाकडे गेला.

तेवढ्यात दार उघडून बर्ल टॅकेट धापा टाकत शेजारी येऊन बसला. नेमबाजीच्या क्लबातला हा म्हातारा. हार्लनला बंदूक धरायला शिकवली ती यानंच.

"केव्हाचा बघतोय तुला. एवढ्या उन्हात काचा बंद, आणि चेहरा असा! हात कुठे चालला होता?"

"कुठे नाही."

"पोरा, माझ्या घरी तुझ्यापेक्षा जास्त बंदुका आहेत. मला बनवू नकोस. दे ते इकडे."

"पिस्तूल बाळगणं हा घटनेनं दिलेला हक्क आहे माझा!"

"हक्क ठेव की तुझ्याकडे, तो कोण मागतंय? मी पिस्तूल मागतोय. आजच्यापुरतं दे. माझ्या कपाटात कुलपात राहील. पोटातली ही जळजळ उद्या कमी होईल रे. पण गोळी सुटली, की ती परत घेता येत नाही."

"आणि तो गॅरेट?"

"त्याचा हेवा कर, घाल हव्या तेवढ्या शिव्या. त्यानं कुणी मरत नाही!"

हार्लननं स्टिअरिंग घट्ट धरलं. मग त्यानं खण उघडला. बर्लनं पिस्तूल घेतलं, गोळ्या काढल्या आणि तो उतरला.

काम संपवून जोलीन बाहेर आली, पिकअप दिसताच थबकली. मग जवळ आली, पण दारापासून दोन हात लांबच उभी राहिली.

"त्याच्याच गाडीत का बसतेस, जोलीन? माझ्यात काय कमी आहे?"

"त्याच्या गाडीत पिस्तूल नसतं, हार्लन!" तिचा आवाज फुटला. "तू चिडून ओरडायला लागलास, की मला तुझं बोलणं ऐकूच येत नाही. मी नुसती त्या खणाकडे बघत बसते."

हार्लननं रिकाम्या खणाकडे पाहिलं. जिच्या रक्षणासाठी ते आणलं, तिलाच त्याची धास्ती! इतके दिवस तो गॅरेटवर जळत होता, आणि बायकोला दूर लोटत होता तो स्वतःच!

"बर्लला दिलं मी ते. आत्ताच."

"बरं केलंस," ती डोळे पुसत म्हणाली. "पण आज मी गॅरेटबरोबरच जाते. भीती अशी लगेच जात नाही रे."

त्यानं होकारार्थी मान डोलावली. गॅरेटची गाडी वळणाआड गेली तेव्हा छातीत जळत होतंच. पण हातात काही नव्हतं, आणि जोलीन सुखरूप घरी पोचली.

त्या राज्याचा कायदा आजही तोच आहे. पण नेमबाजीच्या क्लबच्या शरद ऋतूतल्या सभेत, कधी तोंड न उघडणारा हार्लन उभा राहिला. "ज्याचं डोकं तापलं असेल त्यानं आपलं हत्यार मित्राकडे द्यावं," तो म्हणाला, "आणि मित्रानं ते मागायला लाजू नये." काहीजण कुजबुजले, एकानं भेकड म्हणून टोमणाही मारला. जोलीन मात्र त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती.

वाचकहो, मत्सर कुणाला चुकलाय? तो येतो आणि ओसरतोही. त्या घटकेला माणसाच्या हाताशी काय आहे, यावर घर राहतं की जातं ते ठरतं. कायदा थांब म्हणत नसेल, तर शेजाऱ्यानं म्हणायला हवं!